जोगव्याची भाकरी

माझ्या पोटात लहान आतडं सगळं उजवीकडं आहे आणि मोठं आतडं डावीकडं. अपेंडिक्स नाही. मूल आईच्या पोटात असताना त्याची आतडी एका ठरावीक दिशेनं फिरतात आणि आपापल्या जागी बसतात. माझी अर्ध्यातच थांबली. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी मला हिरव्या उलट्या सुरू झाल्या, आणि सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी माझं पोट उघडून आतड्याचा पीळ सोडवला, आडवे आलेले पदर कापले आणि सगळं पुन्हा आत ठेवून दिलं. जाता जाता अपेंडिक्सही काढून टाकलं. ते नको त्या जागी होतं, आणि पुढं कधी सुजलं असतं तर कुठल्याच डॉक्टरला लवकर सापडलं नसतं. यातलं मला अर्थातच काही आठवत नाही. बेंबीच्या वर उजवीकडं एक आडवा व्रण आहे. तो माझ्याबरोबर वाढला. विहिरीवर पोहायला गेलं की पोरं त्याला गोम म्हणायची.

हे मी कोरडेपणानं सांगतोय, कारण मला ते कोरडंच वाटतं. तुळजापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी लहानशी लॅब आहे. वरच्या मजल्यावर यात्रेकरूंचं लॉज, खाली मी. दिवसभर लोकांचं रक्त, लघवी आणि शौच तपासायचं, आकडे लिहायचे, कागद हातात द्यायचा. माणसाच्या आत काय चाललंय याचं नवल मला आता वाटत नाही. घर मात्र गावातच, मोटारसायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर. घरात आई, बायको आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

आईला मात्र तो तिसरा दिवस कधी विसरता आला नाही. ती परडी घेते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. परडी म्हणजे वेताची उथळ टोपली. तिच्यात हळदीकुंकू, कवड्यांची माळ आणि देवीचा टाक असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी अंघोळ करून, माळ गळ्यात घालून, परडी हातावर घेऊन आई पाच घरी जाते. दारात उभी राहून म्हणते, ‘जोगवा वाढा माय.’ घरातली बाई येते, परडीला हळदीकुंकू वाहते आणि मूठभर पीठ घालते. पाच घरचं पीठ एकत्र होतं. त्याची भाकरी करायची आणि आपण खायची. आमच्या भागात अशा परड्या पुष्कळ घरांत आहेत. कुणी केसांत जट आली म्हणून घेते, कुणी लेकरू होईना म्हणून. माझ्या आईनं माझ्यासाठी घेतली.

लहानपणी मला तिची भयंकर लाज वाटायची. आमचं खाऊनपिऊन बरं होतं. दोन वेळची चूल पेटत होती. तरी माझी आई माझ्याच वर्गातल्या पोरांच्या दारात उभी राहून पीठ मागायची. एकदा मी तिला म्हणालो होतो की माझ्यासाठी मागत असशील तर मागू नकोस, मला नको. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मारलं नाही, नुसता हात ठेवला, आणि पुढचा आठवडाभर मला नजरेआड होऊ दिलं नाही. मोठा झालो तशी लाज गेली आणि तिच्या जागी एक प्रकारचा कंटाळा आला. शिकलेल्या मुलाला आईच्या देवधर्माचा येतो तसला. मी त्यावर बोलणं सोडून दिलं.

मी लहान होतो तेव्हा पाचही घरांतून ज्वारीचंच पीठ यायचं, कारण दुसरं होतंच कुठं. गहू सणाला. पुढं बोअर झाल्या, रेशनचा गहू आला, घरोघरी चपात्या लाटायला लागले. मग बायांना देवीच्या परडीत ज्वारीचं पीठ घालणं कमीपणाचं वाटायला लागलं. आतल्या डब्यातलं गव्हाचं पीठ काढून घालायच्या. आईची मंगळवारची भाकरी वर्षागणिक पांढरी आणि चिवट होत गेली. गव्हाच्या पिठाची भाकरी थापायला आणि चावायला दोन्हीला वाईट, पण आई त्याची चपाती करायची नाही. जोगव्याची भाकरीच असते, म्हणायची.

साधारण सहा-सात वर्षांपूर्वी ती वाळायला लागली. पोट फुगायचं, चारचारदा परसाकडं जाऊन यायची, जिना चढताना भिंतीला धरून उभी राहायची. मीच रक्त काढलं. हिमोग्लोबिन सातच्या आत. काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर रक्तपेशी लहान आणि फिकट. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायकांचं रक्त असंच असतं, म्हणून मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. शौच तपासलं, जंताचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या आणल्या. गोळ्या घेतल्या तरी रक्त वाढेना. मी तिच्यावर चिडायचो. मला वाटायचं ती गोळ्या गादीखाली ठेवते. एकदा तर मी तिची गादी उचलून पाहिली. खाली काही नव्हतं.

आणि मग आम्ही तिची सेवा सुरू केली. ही सेवा आठवली की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. आजारी माणसाला ज्वारीची भाकरी जड, गव्हाची चपाती हलकी, असं आमच्याकडं सगळे मानतात. डॉक्टरही मानतात. बायकोनं तिची भाकरी बंद केली आणि दुधात कुस्करलेली चपाती सुरू केली. सकाळी रव्याची खीर. दुपारी चहाबरोबर बिस्किटं, ती मीच तुळजापूरहून पुडेच्या पुडे आणायचो. अशक्तपणा जास्त वाटला की शेवया. मुलगा-सून इतकं करतात म्हणून शेजारपाजारी आमचं कौतुक चाललं होतं. आई दिवसेंदिवस खंगत होती आणि आम्ही दिवसेंदिवस जास्त चांगलं खायला घालत होतो.

एके सकाळी तिनं आडातून काढलेली अर्धी कळशी उचलली आणि मनगटाचं हाड मोडलं. पडली नाही, घसरली नाही, नुसती उचलली. हाड जोडणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडं धरला आणि मला विचारलं, यांच्या पोटाची तपासणी कधी झाली आहे का? मी म्हणालो, मी स्वतः लॅबवाला आहे, सगळ्या झाल्यात. त्यांनी सोलापूरच्या एका पोटाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

तिथं तोंडातून दुर्बीण घातली, लहान आतड्याच्या सुरुवातीचे चार-पाच कण काढले. नमुना पुण्याला गेला. मी आठ दिवस फोन घेऊन बसलो. कॅन्सर असेल अशी माझी खात्री होती. निघाला सिलिअॅक. गहू अंगाला सोसत नाही, शरीर गव्हावर चालून जातं आणि त्यात आपलंच आतडं खाऊन बसतं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आईला समजेल असं सांगितलं. “आजी, आतडं आतून टर्किश टॉवेलसारखं असतं. बारीक बारीक धागे असतात, ते अन्न शोषून घेतात. तुमचे धागे झिजून गेलेत. टॉवेलचा पंचा झालाय. गहू बंद केला तर धागे परत उगवतील.” गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, पाव, सगळं बंद, आयुष्यभर. आणि काय चालेल? तर ज्वारी, बाजरी, तांदूळ.

मी त्या खोलीत मोठ्यानं हसलो. आईनं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिला ज्यापासून तोडून बाजूला काढलं होतं, तेच तिचं औषध होतं. हा आजार माणसाला व्हायचाच असेल तर आमच्या जिल्ह्यात व्हावा. जिथं कोठीत ज्वारी आहे, शेतात ज्वारी आहे, तिथं गहू सोडायला असं काय लागतं? मी परतीच्या बसमध्ये बायकोला फोन करून सांगितलं की सुटलो.

सुटलो वगैरे काही नव्हतो. आधी गिरणी. गिरणीवाल्याला म्हणालो, आईचं दळण गव्हावर टाकू नका. तो मला म्हणाला, “ज्वारीवर गहू टाकला तर लोक भांडायला येत्यात. गव्हावर ज्वारी टाकली तर कोण बोलतंय? उलट भाकर गोड लागती की.” त्याचंही खरं होतं. आमच्याकडं ज्वारीत गहू मिसळला तर तो फायदाच समजतात. मग मी घरघंटी आणली, आणि तिच्यात ज्वारीशिवाय काही घालायचं नाही असं बायकोला बजावलं. मग हिंग. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. हिंग बंद केला. बायकोनं नाक मुरडलं, पण केला.

राहिली परडी. त्याचं आम्ही असं ठरवलं की जोगवा मागायचा ते मागावा, पीठ गाईला घालावं. आई मान हलवून व्हय म्हणाली. इतक्या लवकर म्हणाली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तीन महिन्यांनी मी तिचं रक्त काढून पुण्याला पाठवलं. गहू सुटला की रक्तातला या आजाराचा आकडा खाली यायला हवा होता. जवळजवळ तिथंच होता. मी नमुना बदलला असेल म्हणून परत पाठवला. तोच आकडा. मी डाळींचे डबे तपासले, मसाला तपासला, बायकोवर संशय घेतला. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

एका शुक्रवारी दुपारी तुळजापुरात वीज गेली. मशिनं बंद, पेशंट परत पाठवले आणि मी घरी आलो. पुढं कुणी नव्हतं. मागच्या परसात धूर दिसला. आई तीन दगडांच्या चुलीपुढं बसली होती, मांडीवर ताट, ताटात भाकरी. तिनं एक तुकडा मोडला होता. मला पाहिल्यावर तिनं तो खाली ठेवला नाही. तोंडात घातला आणि चावायला लागली.

मी ताट हिसकावून घेतलं. आईच्या ताटाला मी जन्मात कधी असा हात लावला नव्हता.

“मरायचंय का तुला?” मी ओरडलो. “पीठ गाईला घालायचं ठरलं होतं.”

“वरडू नगंस. शेजारी ऐकत्याल.”

“ऐकू दे. डॉक्टरनं सांगितलंय, कणभर चालणार नाही.”

“म्या लई खात न्हाय. घासभर खाती.”

“घासभरच पुरतो. तुझं आतडं झिजलंय आई. हाडं मोडायलीत.”

तिनं तोंडातला घास गिळला, वर पाणी प्यायली, मग म्हणाली, “तुला सोलापूरला नेलं तवा म्या देवीला बोलले हुते. हे लेकरू वाचू दे, मरस्तवर जोगवा मागून खाईन. मागून खाईन म्हणलं हुतं. मागून गाईला घालीन म्हणलं न्हवतं.”

मी तिला म्हणालो की मला डॉक्टरांनी वाचवलं. पोट उघडून, पीळ सोडवून. त्यात देवीचा काही संबंध नाही. हे मी तिला पहिल्यांदाच तोंडावर सांगत होतो, आणि सांगताना मला बरं वाटत होतं, हेही कबूल करतो.

“व्हय, डाक्टरनंच वाचीवलं,” ती म्हणाली. “म्या कुठं न्हाय म्हणते? त्येंच्या हातात हत्यार हुतं. तुझा बाप औषधाला पळत हुता. म्या तीन दिसाची बाळंतीण, पायरीवर बसले हुते. माझ्या हातात काय हुतं रं?”

  मी ताट गाईपुढं ठेवलं. आई उठून आत गेली आणि दिवसभर जेवली नाही.

पुढचे काही आठवडे मी वाटा शोधत होतो. पहिली वाट साधी वाटली. पाच घरांना जाऊन सांगायचं की आईच्या परडीत ज्वारीचं पीठ घाला. मी आईच्या नकळत गेलो. पाचही घरी सांगितलं, आई आजारी आहे, तिला गव्हाचं चालत नाही. बाया हळहळल्या, माझ्याकडून सगळा आजार ऐकून घेतला. पुढच्या मंगळवारी परडी आली तर तिच्यात एकीनं ज्वारीचं पीठ घातलं होतं, एकीनं गव्हाचं मैद्यासारखं चाळून घेतलेलं, आणि दोघींनी रवा. पाचवीनं शेवयांची पुडी वर ठेवली होती. त्यांच्या कानात आजारी एवढाच शब्द शिरला होता, आणि आजारी बाईच्या परडीत हलकं आणि ताकदीचं काही घालावं हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मला राग आला, पण कुणावर काढणार? इतकी वर्षं मीही तेच केलं होतं. आणि आईला कळल्यावर ती माझ्यावरच उखडली. जोगव्यात हे घाला अन् ते घाला म्हणत न्हाईत, म्हणाली. जे पडंल ते घ्यायचं.

दुसरी वाट म्हणून मी एका पुजाऱ्यांना विचारलं. ते साखर तपासायला माझ्याकडं येतात. त्यांच्या बोटाला सुई टोचता टोचता म्हणालो, नवस बदलता येतो का हो? ते शांतपणे म्हणाले, “देवी आई आहे. आईला लेकराच्या जिवाशी खेळ नको असतो. तुमच्या मातोश्रींना सांगा, खुशाल सोडा.” मी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “त्येंनी त्येंच्या मनानं सांगितलं. त्येंचं लेकरू हुतं का टेबलावर?”

इथं माझं घोडं अडलं. तिला भीती कशाची होती हे मला तोवर नीट कळलं होतं. ती मरणाला भीत नव्हती. बोललेलं मोडलं तर माझ्या पोटात पुन्हा पीळ पडेल, ही तिची भीती होती. चाळिशीला आलेल्या, टक्कल पडू लागलेल्या माणसाच्या पोटात. शेजारच्या गावातला एक जण आतड्याला पीळ पडून वारला, तेव्हा ती माझ्या लॅबच्या फोनवर दिवसातून तीनदा फोन करायची आणि काही न बोलता ठेवून द्यायची. मी हे सगळं हसण्यावारी नेलं होतं.

शेवटी मी रागातच बोललो. जेवताना म्हणालो, “माझ्यासाठी बोललीस ना? मग माझ्या वाटची मी खातो. तू माग, मी खाईन.”

 दोन मंगळवार आणि दोन शुक्रवार ती विचार करत होती, आणि त्या चारही दिवशी ती खात होती हे मला माहीत होतं. पाचव्या वेळी तिनं विचारलं, “दर बारीला घरी येशील? मधी चुकवणार न्हाईस?”

“नाही चुकवणार.”

“त्वांड वाकडं करून खायचं न्हाय.”

“नाही करणार.”

“मग बस.”

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी दुपारी एक वाजता लॅबला कुलूप घालून गावी येतो. मंगळवार हा तुळजापुरात गर्दीचा दिवस. माझे पेशंट कुरकुर करतात. मी देव मानत नाही, आजही मानत नाही, पण हात-पाय धुऊन देवघरापुढं बसतो आणि पाच घरच्या पिठाची ती चिवट भाकरी चटणीबरोबर खातो. पहिल्यांदा खाताना मला फार अवघडल्यासारखं झालं. लहानपणी ज्याची लाज वाटायची, ते मागून आणलेलं पीठ आता मीच खात होतो. दोन-तीन आठवड्यांनी अवघडलेपण गेलं. आई समोर बसते आणि माझं ताट रिकामं होईपर्यंत हलत नाही. घास गिळला की माझ्या चेहऱ्याकडं पाहते. खाऊन झालं की विचारते, “पोट दुखतंय का रं?” मी नाही म्हणतो. मग ती आपली ज्वारीची भाकरी घेऊन बसते.

आणि ती सुधारली. सहा महिन्यांत चेहऱ्यावर रंग आला. पोट बसलं. तेच हिमोग्लोबिन, त्याच गोळ्यांवर, दहाच्या वर गेलं. काच बघितली तर पेशी मोठ्या आणि भरलेल्या. मी त्या काचेकडं जरा जास्तच वेळ पाहत बसलो. बाहेर दोन पेशंट थांबले होते. ती बाजारात एकटी जायला लागली, बायकोच्या कामात चुका काढायला लागली. बायको म्हणाली, आत्या बऱ्या झाल्या हे आता सांगायला नको.

मागच्या महिन्यात तिला घेऊन सोलापूरला दाखवायला गेलो. डॉक्टर बाई कागद बघून खूश झाल्या. आकडा जवळजवळ नॉर्मलला आला होता. त्या आईला म्हणाल्या, आजी, धागे उगवले. मग माझ्याकडं वळून सहज विचारलं, “तुमची तपासणी केली का? आईला असेल तर मुलांना असण्याची शक्यता असते. त्रास काही नसला तरी आत झीज चालू असू शकते. आणि करायची तर तुम्ही गहू खाताय तोवरच करा, सोडल्यावर काही कळणार नाही.” मी म्हणालो, करतो.

आईनं ते ऐकलं होतं. बस तामलवाडीच्या पुढं येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मग मला म्हणाली, “तुझं रगत बघितलंस का?”

“बघितलंय. कधीच बघितलंय. काही नाही.”

“कागुद हाय का त्येचा?”

“आहे की. लॅबमध्ये आहे.”

“आणून दाव.”

तिला वाचता येत नाही. पण माझ्या लॅबचा कागद ती ओळखते, वर निळ्या अक्षरांत नाव असतं आणि खाली माझी सही. मी रक्त बघितलेलं नव्हतं. बघणारही नव्हतो. उत्तर वाईट आलं, तर मला ती भाकरी सोडावी लागेल, आणि मी सोडली की ती दुसऱ्या दिवशी परसात चूल पेटवेल. माझ्या आतड्याचं काय व्हायचं ते होईल. त्याला निदान एकदा दुरुस्तीची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट यायच्या आत मी संगणकासमोर बसलो. पेशंटच्या जागी माझं नाव घातलं, वय घातलं. ही तपासणी माझ्याकडं होतच नाही, नमुना पुण्याला जातो, पण ते आईला कुठं माहीत? आकड्याच्या जागी एक चांगला आकडा टाकला, पुढं नॉर्मल लिहिलं, छापलं आणि सही केली. वीस वर्षांत मी नोकरीसाठी, लग्नासाठी, साहेबासाठी कुणालाही खोटा रिपोर्ट दिलेला नाही. लोक त्यावरून मला आडमुठा म्हणतात. सही करताना हात थांबेल असं वाटलं होतं, थांबला नाही.

आईनं कागद दोन्ही हातांत घेतला. निळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, सही पाहिली, कागदाला हळदीकुंकू लावलं आणि घडी घालून परडीत पिठाखाली ठेवला. पुढच्या मंगळवारी दुपारी तिनं मला भाकरी वाढली, चटणी वाढली, आणि समोर बसली नाही. बायकोशी काहीतरी बोलत आत निघून गेली. मी ती सगळी खाल्ली.